गाणी ऐकणं म्हणजे संशोधन नाही म्हणे!

आज पुन्हा तेच वाचलं. ‘लेस्बियन बायकांच्या गाण्यांच्या महोत्सवावर पीएचडी? हे काय संशोधन झालं?’ डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

न्यूयॉर्कमध्ये १९७४ साली लेखिका जोन नेसल आणि तिच्या मैत्रिणींनी लेस्बियन हर्स्टोरी अर्काइव्ह्ज सुरू केलं, म्हणजे लेस्बियन बायकांच्या इतिहासाचा संग्रह. पत्रं, पत्रकं, फोटो, सगळं वर्षानुवर्षं नेसलच्या राहत्या घरात. ब्रुकलिनमधल्या स्वतःच्या जागेत ते १९९३ मध्ये गेलं. विद्यापीठाच्या ताब्यात द्यायचं नाही, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. का, ते अशी वाक्यं वाचली की कळतं.

अमेरिकेतल्या मिशिगनचा बायकांचा संगीत महोत्सव १९७६ ते २०१५ चालला. त्यातून ट्रान्स स्त्रियांना वगळलं जायचं. ते चूकच होतं, मान्य. म्हणून चाळीस वर्षांचा इतिहास कचऱ्यात टाकायचा?

आता या संशोधनात काम काय असतं ते ऐका. जुनी कॅसेट हाती आली की आधी वरचे दोन्ही टॅब तोडायचे, नाहीतर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जातं आणि आवाज कायमचा पुसला जातो. लेबलचा फोटो घ्यायचा. मग जपून ठेवायला २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल करायची. एमपी३ फक्त ऐकायला. लेस्बियन चळवळीच्या वार्तापत्रांच्या गंजलेल्या पिना सपाट पातीने उचलायच्या, ओढल्या की कागद फाटतो. तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवायला पाच-सहा तास सहज जातात.

आणि सगळ्यात अवघड, संमती. रेकॉर्डिंगची वेगळी, संग्रहात ठेवण्याची वेगळी, नाव छापण्याची वेगळी. बोलणारी बाई स्वतःबद्दल मोकळी असते, पण बोलता बोलता जुन्या मैत्रिणीचं नाव घेते, आणि त्या मैत्रिणीने घरी कधीच सांगितलेलं नसतं. तो भाग बंद ठेवावा लागतो. वार्तापत्रांच्या वर्गणीदारांच्या याद्या तर त्याहून जपायच्या. नाव-पत्त्यासकट सगळ्या जणी उघड्या पडतात.

एवढं करून विद्यापीठात बढतीच्या वेळी मोजतात काय? शोधनिबंध. नेसलच्या घरात झालं तसल्या कामाला बढतीच्या अर्जात आजही रकाना नाही. हो, या अभ्यासक त्याच चळवळीतल्या असतात, अलिप्तता कमी पडते कधीकधी. पण अलिप्त माणसाला त्या बायकांनी दार तरी उघडलं असतं का?

त्या पिढीतल्या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत. एखादी गेली की नातेवाईक घर रिकामं करतात आणि जोडीदारणीची पत्रं सगळ्यात आधी जातात. म्हणून मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते, कागदपत्रं कुठल्या संग्रहाला द्यायची ते मृत्युपत्रात लिहिलंय का, हे पहिल्याच भेटीत विचारा.