त्यात हीट धरलेली नाही

हॅलिफॅक्समध्ये कुठल्याही गोष्टीची किंमत विचारू नये. किंमत सगळेच सांगतात, हसून सांगतात. विचारायचं ते एवढंच, की या किमतीत काय काय धरलेलं नाही. इथला लेबलावरचा आकडा म्हणजे स्थळाबरोबर आलेला फोटो. खोटा नसतो, पण जुना असतो आणि एकाच बाजूने काढलेला असतो.

शहर तसं आटोपशीर. अटलांटिकच्या काठावर, कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांताची राजधानी, वस्ती पाच लाखांच्या घरात, म्हणजे माणसं मोजली तर आपलं सांगली-मिरज. खर्चाच्या बाबतीत मात्र ते स्वतःला टोरांटोची सख्खी बहीण समजतं. इथे आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला पहिले सहा महिने 'गुणिले साठ' नावाचा आजार असतो. दोन डॉलरची कोथिंबीर दिसली की डोक्यात एकशेवीस रुपये वाजतात. जी कोथिंबीर भाजीवाल्याकडून 'वर थोडी टाका हो' म्हणून घ्यायची, तिचे एकशेवीस! या आजारावर औषध नाही. पगार डॉलरमध्ये जमा होऊ लागला की तो आपोआप उतरतो आणि मग गुणाकाराऐवजी नुसती वजाबाकी उरते.

वजाबाकीतला मोठा मासा म्हणजे भाडं. एका बेडरूमच्या बऱ्या घराला महिन्याला दोन हजार डॉलरांच्या आसपास पडतात. 2021 ते 2023 या काळात इथे भाड्याच्या शंभर घरांत जेमतेम एक रिकामं असे. आता हवा थोडी मोकळी झाली आहे, पण घरमालकांच्या चेहऱ्यावर ती अजून पोचलेली नाही. कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे असं सांगतात. भाडेवाढ वर्षातून एकदाच, चार महिने आधी लेखी कळवून, आणि सध्या 5 टक्क्यांपर्यंतच. ही मर्यादा 2027 अखेरपर्यंत आहे. अनामत फार तर अर्ध्या महिन्याचं भाडं. एवढं वाचून माणूस हरखतो. मग कळतं, की मर्यादा राहत्या भाडेकरूला आहे, घराला नाही. भाडेकरू बदलला की आकडा मोकळा. म्हणून अनेक मालकांना 'फिक्स्ड टर्म' लीज फार आवडतं. मुदत संपली की नमस्कार, आणि नव्या माणसाला नवा भाव. पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर वाढलेल्या माणसाला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही. लीजवर 'पीरिऑडिक, इयर टु इयर' असं लिहिलेलं असेल तर ते स्वतःहून पुढे चालू राहतं. हा एक शब्द सही करण्याआधी शोधावा. खिडकीतून समुद्र दिसतो का, ते नंतर पाहावं.

खिडकी पाहावीच, पण वेगळ्या कारणासाठी. जाहिरातीच्या तळाशी चार शब्द असतात: त्यात हीट धरलेली नाही. जुलैत घर बघणाऱ्याला ते शब्द पाण्याच्या मीटरइतकेच निरुपद्रवी वाटतात. इथे ऑक्टोबर ते मे घर तापवावं लागतं, आणि शहराच्या जुन्या भागातली लाकडी घरं बाहेरचा अटलांटिकही तापवायला घेतात. म्हणून घर बघताना तीन प्रश्न विचारावेत. हीट कशावर चालते? गरम पाणी कोणाच्या बिलात? मागच्या हिवाळ्याची दोन बिलं दाखवता का? विजेचं बिल इथे दोन महिन्यांनी येतं, म्हणजे दोन बिलांत ऐन थंडीचे चार महिने दिसतात. मालक 'नक्की आठवत नाही' म्हणाला की समजायचं, त्याला नक्की आठवतं.

भिंतीच्या पायथ्याशी लांब पत्र्याची पेटी दिसली, तर तो विजेचा बेसबोर्ड हीटर. दिसायला गरीब, खायला राक्षस. भिंतीवर स्प्लिट एसीसारखा डबा असेल तर तो हीट पंप. एसीच तो, पण उलटा चालणारा. तो घराला लाभला तर मुलगी सुस्थळी पडली म्हणायची. आणि घराला टेकून स्टीलची जाडजूड टाकी उभी असेल तर तेल. नेहमीची टाकी साधारण 900 लिटरची, ती भरायची म्हणजे हजार डॉलरच्या बऱ्याच पुढे. तेलकंपनीकडे 'ऑटोमॅटिक' खातं असलं तर ते लोक डिग्री-डे मोजतात. दिवसाचं सरासरी तापमान 18 अंशांच्या जितकं खाली, तितके त्या दिवसाचे गुण. गुणांची बेरीज एका आकड्याला पोचली की टँकर दारात. आपल्या नावावर एवढे गुण जमा होण्याची ही शाळेनंतरची पहिलीच वेळ.

स्वतः फोन करून तेल मागवणाऱ्यांनी काटा पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नये. टाकी पूर्ण रिकामी झाली तर घर तापवणारी भट्टी हवा आणि तळाचा गाळ ओढते. मग नुसतं तेल भरून चालत नाही. नळीतली हवा काढायला मेकॅनिक लागतो, आणि तेल नेमकं रविवारी रात्रीच संपत असल्यामुळे त्याच्या येण्याचे पैसे वेगळे. वाट बघेपर्यंत पंपावरून वीस लिटर डिझेल आणून टाकीत ओततात. जुजबी उपाय आहे, पण भट्टी ते निमूट पिते.

खिडकीतून किती पैसे बाहेर जातात, ते उदबत्तीने कळतं. पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवायची. धूर जिथे एकदम आडवा होतो, तिथे भोक. (छतावरच्या स्मोक अलार्मपासून लांब, नाहीतर अख्खी इमारत आरतीला खाली जमते.) उपाय म्हणजे खिडकीला लावायची प्लास्टिकची फिल्म. लाकडी चौकट आधी पुसून कोरडी करायची, कारण ओलसर रंगावर टेप धरत नाही. दुहेरी चिकटणारा टेप चौकटीवर लावायचा, काचेवर नाही. फिल्म सगळ्या बाजूंनी दोन इंच जास्त कापायची आणि आधी वरची कड, मग बाजू, शेवटी खालची कड अशी चिकटवायची. सुरकुत्या पडतीलच, पडू द्याव्यात. मग हेअर ड्रायर कोपऱ्यांकडून मधे न्यायचा आणि एका जागी थांबायचं नाही, कारण थांबलं की भोक. फिल्म तबल्यासारखी ताणली गेली की ब्लेडने कडा कापायच्या. हे काम ऑक्टोबरच्या उबदार दुपारी करावं. डिसेंबरात लावलेली टेप जानेवारीतल्या पहिल्या वादळात 'टक् टक्' करत सुटते, आणि तो आवाज रात्री तीनलाच येतो. एकदा फिल्म लावली की एप्रिलपर्यंत खिडकी बंद, म्हणजे नोव्हेंबरात सुकट भाजायची की नाही, हा निर्णय घरातल्या सर्वांच्या संमतीने घ्यावा.

आता किराणा. इथला विक्रीकर 1 एप्रिल 2025 पासून 15 वरून 14 टक्के झाला आणि तो लेबलावर नसतो, बिलावर उगवतो. मात्र रोजच्या स्वयंपाकाच्या जिनसांना तो लागत नाही: पीठ, तांदूळ, दूध, भाजी, मासळी. खाऊला लागतो. आता खाऊ कोणता आणि अन्न कोणतं, हे ज्या कायद्याने ठरवलं त्याच्यापुढे आमच्या धर्मसिंधूनेही हात टेकले असते. कच्चे शेंगदाणे करमुक्त, खारे करपात्र. मक्याचे दाणे करमुक्त, फुटून पॉपकॉर्न झाले की करपात्र. बेसन अन्न, शेव खाऊ. आईस्क्रीमचा डबा अर्ध्या लिटरचा किंवा मोठा असेल तर ते अन्न, एकट्याने खाण्याचा छोटा कप असेल तर चैन. आणि मुकुटमणी म्हणजे मफिन: सहापेक्षा कमी घेतले तर कर, सहा घेतले तर माफ. दोन डॉलरचे पाच मफिन 11.40 ला, सहा मफिन 12 ला. म्हणजे सहावा साठ सेंटला! काटकसरीच्या नावाखाली शहरात जी पोटं सुटली आहेत, त्यांचं मूळ माझ्या मते या कलमात आहे.

भावाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत पौंडाचा भाव असतो, किलोचा त्याखाली मुंगीच्या अक्षरात, आणि बिल येतं किलोत. कॅनडाने मेट्रिक पद्धत 1970 च्या दशकात स्वीकारली, पण ती बातमी भाजीच्या पाटीपर्यंत आलेली नाही. पौंडाला 2 डॉलरची द्राक्षं म्हणजे किलोला 4.40. पौंडाला 2.2 ने गुणावं, पण कृपा करून पुढे साठने गुणू नये.

एक सेंटचं नाणं 2013 पासून चलनातून काढून घेतलं. रोख देताना एकूण बिल जवळच्या पाच सेंटला बसवतात, कार्डावर मात्र अचूक रक्कम. म्हणजे बिलाच्या शेवटी 1, 2, 6, 7 आलं तर रोख द्यावे, 3, 4, 8, 9 आलं तर कार्ड. यात एका खेपेला जास्तीत जास्त दोन सेंट वाचतात. इतक्या थोड्या पैशांसाठी इतका विचार करणारी माणसं मला मनापासून आवडतात. शीतपेयाच्या डब्यावर 10 सेंट अनामत असते. रिकामा डबा परत नेला की 5 मिळतात. उरलेले पाच कुठे गेले, असं काउंटरवर विचारू नये. रीसायकलिंगला गेले. शंभर डबे मोटारीत भरून नेले की पाच डॉलर हातात, आणि सीटवर आठवडाभर बिअरचा वास.

हॉटेलात कार्डाचं यंत्र समोर येतं आणि विचारतं: 15, 18 की 20? पुष्कळ यंत्रं ही टिप करासकट रकमेवर काढतात. 20 डॉलरची थाळी, कर धरून 22.80, त्यावर 18 टक्के म्हणजे 4.10, एकूण 26.90. वेटर शेजारी उभा राहून मुद्दाम छताकडे बघत असतो. 'अदर' नावाचं बटण असतं. ते दाबायला मात्र सुरीच्या धारेवर चालायची तयारी लागते.

पेट्रोलचा भाव प्रांतात नियंत्रित आहे आणि साधारण दर गुरुवारी मध्यरात्र उलटली की बदलतो, म्हणून भाव वाढणार अशी कुणकुण लागली की गुरुवारी संध्याकाळी पंपावर रांग. खाडीपलीकडच्या डार्टमथला जाणाऱ्या दोन्ही पुलांवरचा टोल मार्च 2025 मध्ये गेला. या शहरात काहीतरी खरोखर फुकट झालं, याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

समुद्रकाठचं गाव, म्हणजे मासळी तरी स्वस्त असेल, असं कोकणातल्या माणसाला वाटतं. इथला हॅडॉक कापून, सोलून, काटे काढून, थर्मोकोलच्या ताटलीत निजवलेला मिळतो आणि भाव विचारला की भूक मरते. लॉब्स्टर घ्यायचा तर हंगाम संपता संपता, मे महिन्यात, थेट धक्क्यावर. आपल्या बांगड्याचा अटलांटिकमधला चुलतभाऊ इथे आहे. त्याची व्यापारी मासेमारी 2022 मध्ये सरकारने बंद केली, साठा घटला म्हणून. पण स्वतःच्या ताटापुरता गळ टाकायला मुभा राहिली. ऑगस्टमध्ये जेट्टीवर माणसं गळ टाकून उभी असतात. मासा फुकट. रवा करमुक्त, तेल करमुक्त, तिखट करमुक्त, खिडकी उघडी. गळ मात्र करपात्र आहे, चौदा टक्के.