नोट्स पाठवा ना, लगेच!

परत तेच! घोडबंदर रोडच्या घरात रात्री अकरानंतर हेडफोन लावून पियानोवर चार मिनिटं जॅझ वाजवलं, रेकॉर्डिंग टाकलं, आणि सकाळी पहिला मेसेज: "नोट्स पाठवा ना, लगेच." अहो, लिहिलेलं नोटेशन कुठून आणू? ते कागदावर नव्हतंच कधी, त्या क्षणी बोटांतून निघालं! उतरवायचं तर मलाही वेग निम्मा करून एकेक तुकडा दहादा ऐकावा लागतो. एका मिनिटाला अख्खी संध्याकाळ जाते.

मग कुणीतरी तेच रेकॉर्डिंग सूर ओळखून लिहून देणाऱ्या अ‍ॅपमध्ये घालतं आणि "हुबेहूब नोटेशन" म्हणून ग्रुपवर फिरवतं. उघडलं की डोकं भणभणतं. डाव्या हातात मी एफ, ए, सी, ई धरलेलं, म्हणजे डी मायनर नाइन हा कॉर्ड, एकत्र वाजणारा सुरांचा गट. मूळचा डी मुद्दाम गाळलेला, पुढे जी सेव्हन कॉर्डकडे जायचं म्हणून. सूर तेच दिसले म्हणून अ‍ॅपने खुशाल एफ मेजर सेव्हन छापलं! पेडलवर रेंगाळलेली आधीच्या सुरांची आस नवे सूर म्हणून मोजली. आणि स्विंगचं, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीचं, तर पार वाटोळं. लांब-आखूड झुलणाऱ्या साध्या जोड्यांचं बारीक टायांचं, म्हणजे सूर जोडणाऱ्या कमानींचं, जाळं करून ठेवलंय, वाचणार कोण ते?

अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटने १९७५ मध्ये जर्मनीत कोलोनला तासभर उत्स्फूर्त वाजवलं. पुढे त्याचं नोटेशन छापायला तो तयार झाला, तेही अंतिम आधार रेकॉर्डिंगच धरा असं सांगून. आधी ऐका ना! इथे ठाण्यात जॅझ पियानो शिकणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही तो चुकीचा कागद समोर ठेवून रियाज करतात. जीव तुटतो माझा.