पार्षदसाहेब, जमिनीखाली उतरू नका

पार्षदसाहेब (इंदुरात नगरसेवकाला आम्ही पार्षदच म्हणतो), पुन्हा निवडणुकीला उभं राहायचं आहे ना? मग एक पथ्य पाळा: जमिनीखालच्या कुठल्याही कामाला हात लावायचा नाही. ड्रेनेजची लाईन बदलायला घेतली की गल्ली खणलेली, धूळ, शिव्या. आणि काम चोख झालं तर ते कुणाला दिसतच नाही. चेंबर तुंबलं नाही म्हणून आजवर कुणी कुणाला हार घातलेला नाही. त्यापेक्षा पेव्हर ब्लॉक बसवा. आधीचे चांगले असतील तर उपटून बसवा. शेजारी सिमेंटचा बाक ठेवा. त्यावर ‘पार्षद निधीतून’ बारीक अक्षरांत आणि आपलं नाव टेकून बसणाऱ्याच्या सदऱ्यावर उमटेल एवढं ठळक.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण खरी मतं तिथेच आहेत. नर्मदा जलूदहून सुमारे 70 किलोमीटर पाइपातून इंदुरात आली ती 1978 मध्ये. ते श्रेय आता तुमच्या हाती लागत नाही. तेव्हा तुम्ही टँकर धरा. नळाला पाणी आलं की माणूस आंघोळ करतो आणि कामाला निघून जातो, पार्षदाची आठवण कशाला काढेल? टँकरचं तसं नाही. मे महिन्यात बोअर आटले की आधी तुम्हाला फोन, मग तुमच्या माणसाला फोन, मग अख्खी गल्ली बादल्या घेऊन टँकरवरचा तुमचा फोटो न्याहाळत उभी. नवी लाईन टाकून ही कृतज्ञता कायमची बंद पाडणं म्हणजे निव्वळ करंटेपणा!

स्वच्छतेत तर तुम्हाला काहीच करायचं नाही. 2017 ते 2023, सलग सात सर्वेक्षणांत इंदूर पहिलं (शेवटच्या खेपेला सुरतेबरोबर वाटून घ्यावं लागलं, ते भाषणात गाळा). रात्री राजवाडा कोण झाडतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तुमचा झाडू नवा असावा आणि रस्ता आधीच झाडलेला, म्हणजे झालं.

भूमिपूजन मात्र जपून. 2015 मध्ये निवडून आलेल्यांची मुदत 2020 च्या सुरुवातीला संपली आणि मतदान झालं थेट जुलै 2022 मध्ये. ज्यांनी बिचाऱ्यांनी वेळेवर रस्ते केले, त्यांचे रस्ते मतदानाआधीच उखडले. म्हणून नारळ आत्ता फोडा, डांबर तारीख जाहीर झाल्याशिवाय ओतू नका. आणि कुणी 181 वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, तक्रार केलीच, तर ती सुटो न सुटो, ‘बंद’ झाली पाहिजे. दोन पोरं त्याच्या घरी पाठवा, ती प्रेमाने ‘समाधानी आहे’ असं वदवून घेतील.

आम्हा मराठी मतदारांची चिंता तर सोडूनच द्या. रामबाग असो की लोकमान्यनगर, गणपतीत आरतीला उभे राहा. पाठ नसेल तर टाळ्या वाजवा, शेवटच्या ओळीला आवाज चढवा. 31 मेला राजवाड्यासमोर अहिल्यादेवींना हार. एरवी ‘भिया राम’ हा इंदुरी नमस्कार चालतो, पण आमच्या दारात ‘काय काकू, बरंय ना?’ एवढं म्हणा. ‘अगंबाई, किती छान मराठी बोलतो हा!’ म्हणत आम्ही विरघळतो आणि तुंबलेल्या चेंबरचा विषय राहूनच जातो. नंतर गॅलरीत उभं राहून होळकरांच्या काळी कसं होतं ते एकमेकांना ऐकवतो, आणि मतदानाच्या दिवशी पुण्याला मुलाकडे गेलेलो असतो.

एक धोका उरतो, आरक्षणाचा. निम्मे वॉर्ड महिलांचे, आणि सोडतीत तुमचा निघाला की पाच वर्षांचे बाक वाया. म्हणून वहिनींची कागदपत्रं आत्तापासून तयार ठेवा. होर्डिंगवर त्या हात जोडून कोपऱ्यात, तुम्ही मधोमध. निवडून आल्या की सही त्यांची, खुर्ची तुमची. सगळं सुरळीत चालेल. फक्त एखाद्या दिवशी त्या स्वतःच झोन ऑफिसला गेल्या आणि ड्रेनेज लाईनचा नकाशा मागू लागल्या, तर घरी पाहुणे आलेत असा तातडीने फोन करा.