दहावी पायरी मुलांना का दाखवत नाहीत?

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेली असेल. नऊ एक ओळीने लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग केला की ती मिळते, आणि फॉरवर्ड केलेल्या संदेशात तिच्याखाली बहुधा ‘गणिताचा चमत्कार’ एवढेच लिहिलेले असते. तिथेच थांबणे हा त्या संख्येवर आणि ती पाहून हरखून जाणाऱ्या मुलांवर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा गुणाकार कागदावर नेहमीच्या रीतीने मांडून पाहावा. नऊ ओळींत तेच नऊ एक येतात आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकते. त्यामुळे अगदी उजवीकडच्या उभ्या रांगेत एकच एक असतो, तिच्या शेजारी दोन, मग तीन, असे वाढत मधल्या रांगेत नऊ होतात आणि पुढे डावीकडे पुन्हा एकेकाने कमी होत जातात. कोणत्याही रांगेची बेरीज नऊच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही. एवढेच कारण आहे, आणि ते सहावीतल्या मुलालाही पूर्णपणे कळते.

आता दहावी पायरी, म्हणजे दहा एकांचा वर्ग, करा. मधल्या रांगेत दहा होतात, हातचा शेजारच्या नऊला जाऊन मिळतो, तिथेही दहा होतात, आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ नाहीसा झाला, दोन्ही बाजूंनी सारखे वाचता येणेही संपले. संदेशांमध्ये ही ओळ जवळपास कधीच नसते. माझ्या मते शिकण्यासारखे सर्वांत जास्त तिच्यातच आहे. सोळाच्या पायावर, म्हणजे दहाऐवजी सोळा अंकचिन्हे वापरून, संख्या लिहिल्या, तर हीच रचना पंधरा एकांपर्यंत टिकते. म्हणजे तो देखणा आकार आपल्या दशमान लेखनाचा गुण आहे.

त्या सतरा अंकी संख्येचे स्वतःचे गुण मात्र कोणत्याही पायावर लिहिले तरी बदलत नाहीत. ती पूर्ण वर्ग आहे. ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ या मूळ संख्येचा वर्ग यांच्या गुणाकारातून ती होते, म्हणून तिला ४५ विभाजक आहेत. (पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते.) दशमान लेखनातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते : तिच्या अंकांची बेरीज ८१ येते, आणि तिला ८१ नेच गुणले की ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो.

देवळालीला शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांचा मनापासून अभ्यास केला आणि जिथे ही कल्पना सुचली त्या डोंबिवली स्थानकाच्या तेव्हाच्या नावावरून त्यांना डेम्लो संख्या म्हटले. ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ६१७४ या संख्येमुळे कापरेकर पुष्कळांना माहीत असतात, डेम्लो संख्या मात्र फारशा नाहीत. शिक्षकांना माझी विनंती आहे की दहा एकांचा वर्ग मुलांकडून वहीत, हाताने करून घ्यावा. साध्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर ते एकोणीस अंक मावतही नाहीत.