ती मटकन हसली, मी खुदकन बसलो

आमच्या सोसायटीत दरवर्षी 27 फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो आणि एरवी वर्षभर पाण्याच्या टँकरवरून भांडणारी माणसं त्या संध्याकाळी झब्बे घालून एकमेकांच्या कविता ऐकतात. ऐकतात म्हणजे काय, स्वतःचा नंबर येईपर्यंत थांबतात. यंदा सेक्रेटरींनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर कवींच्या यादीत परस्पर माझं नाव टाकलं. "परस्पर" हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी सरकारी कचेरीत कारकून. बावीस वर्षं टिपण्या लिहिल्यात, कविता कॉलेजनंतर नाही. पण एकदा पेन हातात घेतल्यावर आपोआप आलंच की काहीतरी:

सांज अलगद उतरते
पान हळूच गळते
मन नकळत कुठेतरी
अलगद अलगद वळते

अशा सोळा ओळी झाल्या, बायकोला वाचून दाखवल्या. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, पण यात काही होतंय का? सगळं नुसतं अलगद चाललंय. गॅसवर दूध ठेवलंय ते पण असंच नकळत उतू जातं, त्याच्यावर लिहा ना, आणि आधी गॅस बंद करा." गॅस बंद केला. थोडं गेलंच होतं.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे गेलो. बाई म्हणजे मराठीच्या रिटायर्ड शिक्षिका, सगळी सोसायटी त्यांना बाईच म्हणते. त्यांनी लाल पेन काढलं (रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी लाल पेन चालू आहे) आणि माझी कविता तपासली. सोळा ओळींत नऊ अलगद, पाच हळूच, चार नकळत. "क्रियापदं चार आणि क्रियाविशेषणं अठरा! अरे, नवरीपेक्षा करवल्याच जास्त झाल्या की." मग मोरो केशव दामल्यांचं 1911 सालचं जाडजूड व्याकरण टेबलावर ठेवलं, ठेवलं कसलं, दणकन आपटलं, आणि म्हणाल्या, "हे बघ, आत्ता जो आवाज आला ना, ते पण क्रियाविशेषणच. मराठीत इतकी आवाज करणारी पडलीयत आणि तुम्ही सगळे कवी त्या मऊ मऊ चार शब्दांना धरून बसता."

बाईंचं म्हणणं पटलं आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

कारण त्या रात्री मी वहीत नुसते "कन"वाले शब्द लिहून काढले. खुदकन, टचकन, मटकन, गटकन, टुणकन, पचकन, सटकन, भसकन. लिहिता लिहिता लक्षात आलं की ह्यांची लग्नं आधीच लागलेली आहेत हो! खुदकन फक्त हसतात. टचकन म्हटलं की डोळ्यात पाणीच यायचं, दुसरं काही येऊच शकत नाही. मटकन खाली बसतात, गटकन गिळतात, पचकन थुंकतात, आणि ह्यात कधी घटस्फोट नाही की बाहेर लफडं नाही. म्हटलं आपण जरा अदलाबदल करून बघू, आणि लिहिलं, "ती मटकन हसली, मी खुदकन बसलो."

आता खुदकन बसायचं म्हणजे नक्की कसं? सोफ्यावर चार-पाचदा बसून बघितलं. एकदा थोडं जमल्यासारखं वाटलं, पण तेवढ्यात मुलगी पाणी प्यायला उठली आणि बराच वेळ माझ्याकडे बघून न बोलता परत गेली. पण मटकन हसणं मात्र खरं निघालं. माझी एक मावशी तशीच हसते. म्हणजे हसू आलं की तिच्या पायातली ताकद जाते, ती भिंत शोधते, खुर्ची शोधते, काहीच नाही मिळालं तर हसत हसत खाली बसते, एकदा लग्नात पंगतीत वाढताना हातात श्रीखंडाचं पातेलं घेऊन बसली होती. इतकी वर्षं तिच्या हसण्याला शब्द नव्हता, तो चुकीचं लग्न लावल्यावर मिळाला.

मग चटकच लागली. ऑफिसात बसल्या बसल्या समोरच्या फायलींकडे बघितलं तर तिथे तर खजिनाच. यथावकाश, तात्काळ, तूर्तास, सविनय, रीतसर. कुठल्याच कवीनं हात न लावलेला कोरा माल. लगेच टिपणीच्या कागदाच्या मागे लिहिलं:

ती यथावकाश हसली
मी तात्काळ विरघळलो
तिच्या वडिलांनी सदर प्रकरण
परस्पर निकाली काढलं

घरी वाचून दाखवली. मला वाटलं ही हसेल. हिने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "कोण ही?"

पुढचे दोन दिवस घरात संभाषण बेताचंच होतं त्यामुळे वृत्ताकडे वळलो. बाई म्हणाल्याच होत्या, भुजंगप्रयातात लिही, सोपं आहे, मनाचे श्लोक म्हणतो ती चाल, एक लघु दोन गुरू असं चारदा, ओळीत बारा अक्षरं. मी बोटं मोजत मोजत अर्ध्या रात्री ओळ जमवली, आणि ती पण शंभर टक्के क्रियाविशेषणांची: "उगाची जरासे कधीही कुठेही." मोजून बघा, एक मात्रा इकडची तिकडे नाही. बायको अबोला मोडून म्हणाली, "हे तर तुमचंच वर्णन आहे." बाई म्हणाल्या, "वृत्तात बसलंय. आता कवितेत बसायचं तेवढं राहिलं."

शेवटी कार्यक्रमाच्या दिवशी मी काय केलं, क्रियापदं काढूनच टाकली. म्हटलं मी फक्त क्रियाविशेषण म्हणणार, क्रिया तुम्ही सांगा. अकरा कवी होते, मी नववा, तोपर्यंत लोकांची सांज अलगद उतरून उतरून पार मध्यरात्र झाली होती, त्यामुळे बोलायला मिळतंय म्हटल्यावर सगळे एकदम जागे झाले. मी म्हटलं "टचकन", मागून आवाज, "पाणी आलं!" "टुणकन", सगळी पोरं, "उडी मारली!" "मटकन", "बसली!" असं मस्त चाललं होतं. मग मी आवाज जरा खाली आणला, माझ्या मनात प्रेमिक निघून जातो वगैरे होतं, आणि म्हटलं, "मुकाट्याने..."

पुरुषांच्या खुर्च्यांमधून एका सुरात उत्तर आलं, "जेवा!"

बायकांची बाजू अक्षरशः मटकन हसली. बाईंनीसुद्धा चष्मा काढून डोळे पुसले. इथेच थांबायला हवं होतं. पण टाळ्या पडल्या की माणसाचं डोकं फिरतं, मी अजून एक टाकला, "हळूच..."

ए विंगचा एक सहा-सात वर्षांचा मुलगा उभा राहिला आणि खणखणीत म्हणाला, "आमच्या आजीनी कचरा बी विंगच्या जिन्यात ठेवला!"

त्यानंतर कविसंमेलन झालं नाही. बी विंगवाले तीन महिने ज्याचा शोध घेत होते ते प्रकरण माझ्या कवितेत उघडकीला आलं, आजी म्हणाल्या पोराला काही कळत नाही, बी विंगच्या काकांनी मोबाईलमधले फोटो काढले, सेक्रेटरींनी माईक हातात घेऊन कचऱ्याचे नियम वाचायला सुरुवात केली आणि दहावे-अकरावे कवी माझ्याकडे असे बघत होते की मी श्रीफळ न घेताच सटकन निघालो. जिन्यात बाई भेटल्या. म्हणाल्या, "हळूच आता कधी वापरू नकोस हो."

घरी आल्यावर ही म्हणाली, सकाळसाठी दूध नाहीये. म्हटलं, आणतो यथावकाश. तिनं नुसतं बघितलं, एकही क्रियाविशेषण न वापरता. मी चपला घातल्या.