स्टॅम्पपेपरवर सही करू नका

सकाळपासून डोकं फिरलंय. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आलाय. कारखान्याच्या आगीत गेलेल्या पोराच्या आईला कंपनीचा साहेब चेक देतोय, बाजूला आपले पुढारी छाती काढून उभे, आणि खाली सगळे हात जोडतायत, "कंपनीने माणुसकी दाखवली". अरे माणुसकी कसली? कायद्याने द्यावेच लागतात ते पैसे!

आमच्या घरात झालंय हे. माझा चुलतभाऊ लोट्याला, खेडजवळच्या एमआयडीसीत, ठेकेदाराकडे कामाला होता, प्लांटला आग लागली, मुंबईला हलवला पण राहिला नाही. तेरावं व्हायच्या आधी ठेकेदाराचा माणूस पडवीत येऊन बसला. "वहिनी, इथे सही करा, साहेबांनी पाकीट पाठवलंय." स्टॅम्पपेपरवर काय, तर आमची कंपनीविरुद्ध काही तक्रार नाही आणि यापुढे काही मागणार नाही. वहिनीने केली सही. पदरात दोन पोरं, सासूची औषधं, तिला कोण काय बोलणार.

पण ऐका, त्या कागदाला कायद्यात किंमत नाही. भरपाईचा हक्क सोडल्याचा करार चालत नाही, हे 1923 च्या कामगार भरपाई कायद्यापासून ठरलेलं आहे. आणि कामगार गेला तर भरपाई त्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करायची असते, वारसाच्या हातात पाकीट कोंबून मालक सुटत नाही. वहिनीला हे सांगितलं ते खेडच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीने दिलेल्या वकिलांनी, एक पैसा न घेता. 1987 च्या विधी सेवा कायद्यात बायकांना, कामगारांना आणि औद्योगिक दुर्घटनेत सापडलेल्यांना फुकट वकील मिळतो, हे आपल्याकडे किती जणांना माहितीय?

मग कंपनी म्हणाली, तो आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा. म्हणजे आग लागेपर्यंत आमचा आणि मेल्यावर ठेकेदाराचा! तेही चाललं नाही. ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई मूळ कंपनीकडे मागता येते, कंपनीने नंतर ठेकेदाराकडून काय ती वसूल करावी. पैसे उशिरा आले पण व्याजासकट आले. फक्त दावा दोन वर्षांच्या आत लावावा लागतो, रडण्यात ती दोन वर्षं कशी जातात कळत नाही. ईएसआयसीचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं, कार्ड असेल तर मात्र वारसांचं पेन्शन तिकडून मिळतं, तिथे आधी जा.

हो, कंपन्या आल्या म्हणून पोरं मुंबईला न जाता घरी राहिली, मान्य. म्हणून काय जळायचं?

आणि कंपाउंडच्या बाहेरच्यांनो, ज्यांच्या काजू-आंब्याच्या बागा करपल्या, ज्यांना धुराने दम लागला, तुमचाही हक्क आहे. 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली कलेक्टरकडे अर्ज करायचा, चूक कोणाची हे सिद्ध करायची गरजच नाही. रक्कम तुटपुंजी असते, खरंय. जास्त मागायचं तर पुण्याला हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाचं कोर्ट, आहे. दोन्हीकडे पाच वर्षांची मुदत. दिल्लीत 1985 ला गॅस गळती झाली, त्या खटल्यातच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की धोक्याचा धंदा करणाऱ्याला "माझी चूक नव्हती" म्हणून हात झटकता येणार नाहीत. विशाखापट्टणमला 2020 मध्ये गॅस गळती झाल्यावर हरित लवादाने कंपनीला आधी 50 कोटी भरायला लावले, मग बाकीचं बोलणं.

आपल्याकडे काय होतं, तर पुढारी येतो, पाकीट येतं, मिटलं. राग फोटोतल्या त्या गरीब बाईवर नाहीये माझा, तिने घ्यावेत पैसे, मिळेल ते घ्यावं. वहिनी पण पहिले काही महिने कोणाशी बोलत नव्हती, कोर्टात जायचं म्हटलं की हातपाय गळायचे तिचे. आता तीच दुसऱ्यांना सांगते, पैसे मिळाल्याची पावती द्या पण "काही मागणार नाही" असलं लिहून देऊ नका.

तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, दवाखान्याचे सगळे कागद, गेटपास, जळलेल्या बागेचे फोटो जपून ठेवा, एफआयआरची नक्कल मागा. अर्ज लिहायला कोणी सोबत हवं असेल तर मला फोन करा, रविवारी मी गावातच असतो.