लागली की सांगा

मी सोनोग्राफी टेक्निशियन आहे म्हटलं की पाहुण्यांना वाटतं, हा दिवसभर लोकांची पोटं बघतो. पोटं आमच्या डॉक्टर मॅडम बघतात. 1994 च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यानं प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा तो दांडा, कुणाच्या हातात असावा हे ठरवून टाकलंय, आणि तो हात माझा नव्हे. माझ्या वाट्याला उरतं ते असं: मशीनमध्ये नाव-वय घालणं, पेशंटला टेबलावर चढवणं, जेल लावणं, पुसायला कागद देणं, आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या, एकेकाळी छातीवर पदकं मिरवलेल्या माणसांना दर दहा मिनिटांनी जाऊन विचारणं, "लागली काय?"

आमचं हॉस्पिटल बेळगावात. सरकारी कागदावर 2014 पासून बेळगावी, पेशंटांच्या तोंडात अजून बेळगावच. माजी सैनिकांसाठी 2003 साली ईसीएचएस ही आरोग्य योजना सुरू झाली, तिची रेफरल चिठ्ठी घेऊन ही मंडळी आमच्याकडे येतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावातच असल्यामुळं आणि चंदगड, खानापूर, गडहिंग्लज, निपाणी या पट्ट्यात फौजी नसलेलं गाव शोधावं लागत असल्यामुळं आमच्या बाकावर कायम अर्धी प्लाटून हजर असते. बसतातही हुद्द्यानुसार. कुणी सांगितलेलं नाही. ऑनररी कॅप्टन साहेब पंख्याखाली, मग सुभेदार, मग हवालदार, आणि नाईक कडेला, जिथं बाकाचा एक पाय हलतो तिथं.

दारावर बोर्ड आहे: इथं गर्भलिंग तपासणी केली जात नाही, तो गुन्हा आहे. कायद्यानं लावावाच लागतो. आमचा बोर्ड कन्नड आणि इंग्रजीत. मराठी भाषांतर मी तोंडानं करतो. पंच्याहत्तरी ओलांडलेले एक हवालदार साहेब तो दरवेळी मोठ्यानं वाचून घेतात आणि मला गंभीरपणे सांगतात, "माझं काय हाय ते सांगू नका हं. उगाच तुमच्यावर केस."

त्यांचं काय आहे ते सगळ्या बाकाला ठाऊक आहे. प्रोस्टेट, पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखालची ग्रंथी. या वयाच्या पुरुषांत निम्म्याहून जास्त जण त्याच कामासाठी येतात, आणि त्यासाठी लघवीची पिशवी भरलेली लागते. सोनोग्राफीतल्या आवाजाची लाट हवेतनं पुढं सरकत नाही, म्हणून तर कातडीवर ते गार जेल थापायचं, मध्ये हवेचा पापुद्रा राहू नये यासाठी. आतड्यातल्या वाऱ्याला मात्र जेल लावता येत नाही. पिशवी टम्म भरली की ती आतड्यांना बाजूला सारते आणि पाण्यातनं आवाज सरळ खाली पोचतो. तर लिटरभर पाणी प्यायचं, तासभर थांबायचं आणि लागली की सांगायचं. एवढंच.

सिव्हिलियन पेशंट दोन घोट पितो आणि "लागली" म्हणतो. त्याला परत पाठवणं सोपं असतं. फौजी सांगतच नाही.

"लागली काय साहेब?"

"नाही."

"थोडी तरी?"

"ऑर्डर होईपर्यंत थांबू की."

चेहरा दगडी. कपाळावर मात्र घाम. मी आता चेहऱ्याकडं बघायचं सोडून दिलंय, पायाकडं बघतो. उभ्या उभ्या कदमताल सुरू झाला की समजायचं, आता जास्त वेळ नाही.

यात गंमत अशी की पिशवी प्रमाणाबाहेर भरली तरी तपासणी बिघडते. मूत्रपिंडं उगीच किंचित फुगलेली दिसायला लागतात, आणि लघवीनंतर आत किती उरते त्याचा आकडाही खोटा मोठा येतो. म्हणजे ज्यानं हुकूम सगळ्यात कसोशीनं पाळला, त्याचाच रिपोर्ट सगळ्यात वाईट. मग मॅडम म्हणतात, "ओव्हर झालंय, अर्धं सोडून या म्हणावं." हे वाक्य बोलायला माझी जीभ रेटत नाही. एका सुभेदार साहेबांनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं, "हे बघ बाळ, फायर सुरू झाल्यावर सीझफायरचा हुकूम मानतो आम्ही. खरं त्यासाठी दारूगोळा आपल्या ताब्यात पाहिजे न्हवं?"

चंदगडकडनं येणाऱ्यांचं दुःख आणखी वेगळं. एकानं विचार केला, तिथं जाऊन तासभर बसण्यापेक्षा घरनंच पिऊन निघू. हिशोबात चूक नव्हती, एसटीत होती. शिनोळीपर्यंत ठीक होतं म्हणे. उचगाव फाट्यावर त्यांनी मळेकरणी देवीला हात जोडले. हिंडलग्यात कंडक्टरला "जरा हळू" म्हणाले, आणि कंडक्टरनं, का कोण जाणे, त्याचा अर्थ उलटा घेतला. आमच्या दारात ते पोचले ते ताठ, मान न हलवता, एकेक पाऊल मोजत. मी पळत जाऊन त्यांचा नंबर वर घेतला. तेवढ्यात कॅज्युअल्टीतनं स्ट्रेचर आला, मोटारसायकलवरनं पडलेला कुणी पोरगा, पोटात रक्तस्राव आहे का बघायचं होतं. काकांनी स्ट्रेचरला वाट दिली. वर म्हणाले, "जखमी पयला." आणि भिंतीला धरून उभे राहिले. तो अर्धा तास मी कसा काढला ते माझं मला माहीत. त्यांनी कसा काढला ते विचारायची हिंमत झाली नाही.

बायकांचं प्रकरण त्या मानानं थोडक्यात आटोपतं. फौजींच्या कारभारणी येतात, पेन्शनवाल्या आज्या येतात, आणि बहुतेक पित्ताचे खडे घेऊन येतात. पित्ताशय बघायला सहा-आठ तास रिकामं पोट लागतं, कारण तेलातुपाचं काही खाल्लं की ते आकसतं आणि खडे नीट दिसत नाहीत. श्रावणातल्या एका सोमवारी एक आजी कपिलेश्वराचं दर्शन घेऊन थेट आल्या. उपाशी आहात ना, विचारलं. "उपासच हाय की बाबा कडक. शाबूची खिचडी तेवढी खाल्लीया." त्यात दाण्याचं कूट सढळ हातानं. मॅडमनी पडद्यावर पाहिलं, पित्ताशय मिटून बसलेलं. पुढची तारीख दिली तर आजी म्हणाल्या, "मंगळवारी नगो, त्या दिशी बी उपास असतोय."

आता श्वासाचं बघू. लिव्हर बरगड्यांच्या आड दडलेलं असतं, पेशंटनं छाती भरून श्वास घेऊन धरला की ते खाली सरकतं. मॅडम विजापूरकडच्या. त्या कन्नडमध्ये सांगतात, मी मराठीत सांगतो. पेशंट मॅडमच्या सांगण्यावर एकदा श्वास घेतो, माझ्या सांगण्यावर त्याच्यावर आणखी एक घेतो. मग मॅडम "सोडा" म्हणतात, तो माझ्याकडं बघतो. मी कागदावर माप लिहिण्यात गुंतलेलो असतो. एक नायब सुभेदार असेच लालबुंद होईस्तोवर थांबले. मी दचकून "सोडा, सोडा" म्हटल्यावर सुस्कारा टाकून म्हणाले, "धरायला तुम्ही सांगितलासा. सोडायचा हुकूम बी तुमच्याकडनंच यायला पाहिजे." त्या दिवसापासून आमच्या खोलीत कन्नडही नाही आणि मराठीही नाही. पलटणीची हिंदी चालते. "साँस भर! रोक! विश्राम!" मॅडमसुद्धा आता झकास "विश्राम" म्हणतात. ज्या भाषेच्या प्रश्नावर या गावात पिढ्या खर्ची पडल्या, तो आमच्यापुरता तिसरीच भाषा आणून मिटला.

एकदा चुकून नेव्हीतला माणूस आला. चुकून म्हणजे इकडं सगळी पायदळाची मंडळी. जंगी पलटण, काळी पाचवी असल्या पलटणींच्या नावांत त्यांचा जन्म गेलेला. रेजिमेंटचा इतिहास 1768 पासून सांगायला लागले की जेवणाची सुट्टी संपते. हे काका मात्र जहाजावर सोनारवर, म्हणजे आवाजानं पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्रावर, काम केलेले. टेबलावर आडवे झाले आणि मला म्हणाले, "पडदा इकडं फिरव." फिरवला. मग त्यांनी मॅडमची शिकवणीच घेतली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या पॉल लान्जव्हँनं पाण्याखालच्या पाणबुड्या शोधायला क्वार्ट्झच्या चकतीतनं कानाला ऐकू न येणारा आवाज सोडला, तिथनं हे सगळं सुरू झालं. पुढं ग्लासगोत इयान डोनाल्ड नावाच्या डॉक्टरनं कारखान्यात लोखंडातल्या भेगा शोधायचं यंत्र पोटाला लावून बघितलं आणि 1958 मध्ये त्यावर लेख लिहिला. डोनाल्डही दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलात होता, असं मॅडमनी पुरवलं, तर काका म्हणाले, "बघा, शेवटी फौजीच." एवढ्यात पडद्यावर उजव्या मूत्रपिंडात एक पांढरा ठिपका चमकला, मागं काळी सावली. खडा असला की आवाज त्याच्यावरनं माघारी येतो, पलीकडं काहीच जात नाही, म्हणून ती सावली. काका टेबलावर अर्धे उठले. "कॉन्टॅक्ट!" मॅडमनी माप घेतलं, 6 मिलिमीटर. काकांना त्या खड्याचं दुःख कमी आणि आपण आधी पकडल्याचा आनंद जास्त. बाहेर जाऊन त्यांनी सगळ्या बाकाला सांगितलं की मशीन चांगलं आहे, फक्त ऑपरेटर नवीन आहेत.

आजाराची विचारपूस करणं हा तर स्वतंत्र छळ. मॅडम विचारतात, आधी काही ऑपरेशन? नाही. काही मोठा आजार, मार, जखम? नाही, एकदम ठीक. एक लान्स नाईक काका असेच एकदम ठीक होते. प्रोब डाव्या कुशीवर गेला तर कातडीखाली काहीतरी लख्ख चमकलं आणि त्याच्यामागं बारीक बारीक चकाकत्या रेघांची शेपटी. धातू असला की अशी शेपटी उमटते. मॅडम थांबल्या. मी काकांना विचारलं, "हे काय हो?"

"काय?"

"इथं. लोखंडाचा तुकडा दिसतोय."

"ते व्हय? ते श्रीलंकेतलं." 1987 साली शांतिसेनेतनं गेले होते. "स्प्लिंटर हाय. बारकं हाय म्हणून ठेवलं."

"अहो, मघाशी विचारलं तेव्हा सांगायचं नाही?"

"तुम्ही आजार विचारलासा. त्यो काय आजार हाय?"

मॅडमनी रिपोर्टमध्ये व्यवस्थित नोंद केली. काकांनी ती वाचली आणि मला म्हणाले, हे खोडता आलं तर बघा, घरात माहीत नाही, बायको आता या वयात काळजी करत बसेल.

महिन्याच्या सुरुवातीला गर्दी दुप्पट होते, कारण पेन्शन जमा झालेली असते आणि फौजी कँटीनची खरेदीही त्याच खेपेत उरकायची असते. खोलीत पिशव्या आणू नयेत असा नियम आहे, पण बाहेर ठेवली तर भरवसा नाही, म्हणून ती टेबलाच्या पायाशी येते. पिशवीत साबण, चहापत्ती आणि दारूचा कोटा. मॅडम लिव्हरवर प्रोब फिरवतात, शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा ते जास्त पांढरं दिसतंय असं मला पडद्यावर दाखवतात आणि विचारतात, "ड्रिंक्स घेता का?" काका छातीवर हात ठेवून म्हणतात, "सोडून वर्ष झालं मॅडम." आणि खाली उतरताना त्यांचा पाय पिशवीला लागतो. काचेला काच लागल्याचा तो आवाज ऐकायला कुठलंही मशीन लागत नाही. मॅडम काही न बोलता फॅटी लिव्हर, ग्रेड 2 असं सांगतात आणि मी लिहितो. काका पिशवी उचलतात. "पाहुण्यांसाठी हाय."

सगळ्यात शेवटी लघवीची रिकामी पिशवी तपासायची असते. "आता करून या आणि लगेच आत या." लगेच याला फार महत्त्व आहे. आत किती उरलं ते मोजायचं असतं. पण तासभर पहारा दिलेला माणूस संडासातनं बाहेर पडतो तो वेगळ्याच जगात पोचलेला असतो. त्याला आयुष्य सुंदर वाटतं. तो खाली जातो, चहा पितो, भेटेल त्याच्याशी बोलतो आणि अर्ध्या तासानं परत येतो तेव्हा पिशवी पुन्हा भरायला लागलेली असते. मी हल्ली संडासाच्या दाराशी उभा राहतो. एवढं शिक्षण घेऊन शेवटी मी एस्कॉर्ट ड्यूटीवर लागलो.

रिपोर्ट हातात पडला की बाकावर खरी परेड सुरू होते. प्रोस्टेटचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. नॉर्मल म्हणजे साधारण 20-25 ग्रॅम, वय वाढलं की ते वाढत जातं आणि जितकं जास्त तितकं वाईट, हे मी कानीकपाळी ओरडून सांगतो. पण ज्यांचा जन्म नंबरांवर आणि बढतीवर गेला, त्यांना आकडा जास्त आला की उगीच बरं वाटतं. परवा सुभेदार साहेबांचं 38 आलं. त्यांनी चष्मा पुसून रिपोर्ट वाचला, मग बाकाच्या टोकाकडं बघून विचारलं, "नाईक, तुझं किती रे?"

नाईक उठून उभे राहिले. "64, साहेब."

बाक गप्प झाला. सुभेदार साहेबांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. "टायपिंगमध्ये कायतरी गडबड झाली काय बघ की जरा."

मी म्हटलं, गडबड नाही, आणि नाईक काकांना सर्जनकडं जावं लागणार आहे, तुम्हाला नाही. ते त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. नाईक अजून सावधानमध्येच उभे होते. "माफी असावी साहेब," ते म्हणाले, "हळूहळू वाढत गेलं, कळलंच नाही."

सुभेदार साहेबांनी रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली. "असू दे, बस खाली," ते म्हणाले. "खरं हितनं पुढं मला विचारल्याशिवाय वाढवायचं नाही."